तुळशीतला दगडी बटाटा

गजा लेका,

पोळ्याला येतो म्हणालास अन् आलाच नाहीस. मग नाल्यात जुनी हाडं-मणी शोधत तुझ्या वाटचं हिंडणंही मीच हिंडलो.

यंदा पुरानं आपल्या नाल्याची पिसदुऱ्याकडची दरड चांगली हातभर कापली. वर कपाशीची काळी माती, खाली एकदम लाल, चिकट. सगळा माल त्या लाल मातीत. पहिले दोन दिवस नुसते गोटे मिळाले, अन् टोंगळ्याएवढ्या चिखलात एक चप्पल गेली. तिसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. ऊन तिरपं असलं की खड्याखड्याची सावली पडते, डोळ्याला कमी शोधावं लागतं. बोटाएवढा पांढुरका तुकडा दिसला. मोडलेल्या कडेला बारीक जाळी, शिळ्या पावासारखी. जिभेला लावला तर चिकटून बसला. हाड! गारगोटी अशी धरत नाही. बायको म्हणाली, "आता माती चाटाले लागले काय?"

पण सांगायचं ते वेगळंच. सातवीत आपण नाल्यातून एक वळ्यावळ्यांचा तपकिरी गोटा आणला होता, आठवतो? आपण त्याला दगडी बटाटा म्हणायचो. आईनं तो तेव्हाच तुळशीत ठेवला, अन् तेव्हापासून त्याला रोज हळदकुंकू. परवा भूगर्भशास्त्राचे एक सर विद्यार्थ्यांना घेऊन आले होते, चहाला आपल्याकडे थांबले. त्यांची नजर तुळशीवर गेली. गोटा उलटापालटा करून पाहिला, अन् जरा चाचरतच म्हणाले, "काकू, ही विष्ठा आहे. बहुतेक डायनासोरची."

ओसरीवर कोणी बोलेना. मग तेच सावरून सांगू लागले. हे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचं. लाव्हाचे थर साचून आपला काळा पाषाण झाला, त्याच्याही खालच्या थरातलं. २००५ साली पिसदुऱ्याच्याच अशा दगडी शेणात गवताचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं छापून आलं. तोवर डायनासोरांनी गवत पाहिलंच नसेल, असं जाणकार धरून चालले होते.

आईनं एवढंच विचारलं, "गवत खाये ना थो? मंग शेणच झालं. शेणानं कधी तुळस बाटते काय?" अन् गोटा घेऊन होता तिथं ठेवला. सरांना फोटोवर भागवावं लागलं. हाड मात्र मी त्यांना देऊन टाकलं. आपल्याकडे ते पोरांच्या गोट्यांतच गेलं असतं.

वरच्या वळणावर एक लाल मणीही सापडलाय, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. भोक दोन्ही बाजूंनी कोरलेलं, मधे किंचित चुकलंय. उजेडात धरलं की ती चूक दिसते. किती जुना ते सांगता येत नाही, नाल्यात वाहून आलेल्या वस्तूला पत्ता नसतो. हा तुला दाखवल्याशिवाय कोणाला देत नाही.

आई रोज हिस्लॉपची गोष्ट ऐकवते. नागपूरचा तो पादरी. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडाला, ती. म्हणून पाऊस असला की मी जात नाही. (दोनदा गेलो. तिला सांगू नको.)

नाला खोलीकरण मंजूर झालंय. होळीनंतर जेसीबी लागणार, अन् ती दरड सपाट होणार. पाणी अडेल, विहिरी भरतील, मी नाही कशाला म्हणू? त्याआधी चार दिवस काढ. जुने बूट आण, चपलेचं काय होतं ते सांगितलंच.

तुझा,
पांड्या