पंधरा हजारात कोण गरीब?

संपादक महोदय,

मी कोपरखैरण्यात राहते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मिस्टरांना गेल्या महिन्यात छातीत दुखायला लागलं म्हणून एका धर्मादाय हॉस्पिटलात नेलं, तर तिथे पहिलं काय विचारलं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणलाय का! मावशी रात्रभर बाकड्यावर प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड घट्ट धरून बसल्या होत्या. खरं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली धर्मादाय हॉस्पिटलांत गरिबांना सवलत देणारी जी योजना आहे, तिच्यात रेशनकार्डही चालतं आणि इमर्जन्सी असेल तर आधी भरती करून घ्यायचंच असतं, पण काउंटरवर हे सांगणार कोण?

दुसरं म्हणजे उत्पन्नाची मर्यादा. १० टक्के खाटा मोफत, पण वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत कमावणाऱ्यांनाच, म्हणजे महिन्याला १५ हजार. त्याच्या वर, वर्षाला ३ लाख ६० हजारांपर्यंत कमावणाऱ्यांनी निम्मं बिल भरायचं. मावशी नि मिस्टर मिळून १८ हजार कमावतात, त्यातले ७ हजार खोलीभाड्यात जातात, ते अर्धं बिल भरणार कुठून? नवी मुंबईत १५ हजारात घर चालवून दाखवा म्हणावं. ही मर्यादा सरकारने वाढवायलाच हवी, आणि रेशनकार्ड चालतं असा मराठीतला मोठा बोर्ड कॅज्युअल्टीच्या दारातच लावायला लावा.

एक वाचक, कोपरखैरणे