दारू आधी की झोप आधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माजी सैनिक, अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्यासाठी वेगळी व्यसनमुक्ती सेवा असावी का, यावर आपल्याकडे चाललेली चर्चा वाचतो आहे. एका वाचकाने विचारलं होतं, ‘दारू ती दारूच. गणवेशवाल्याची वेगळी कशी?’ प्रश्न रास्त आहे. मी २७ वर्षं अग्निशमन दलात होतो, त्यातली शेवटची अकरा-बारा पिण्यात गेली, आणि आता साडेपाच वर्षं झाली, घेतलेली नाही. तेव्हा उत्तर द्यायचा थोडाफार हक्क मला असावा.

सुरुवात मजेतच झाली, ते नाकारत नाही. ड्यूटी संपली की चौघं बसायचो. पण आगीच्या एका कॉलनंतर दारूचं काम बदललं. त्या कॉलचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर मला ओल्या, जळक्या गादीचा वास कुठेही यायचा, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमातसुद्धा. रात्री अडीच-तीनला दचकून जाग यायची आणि पाय पलंगाखाली बूट चाचपडू लागायचे. बूट स्टेशनवर असायचे. बायको म्हणायची, ‘अहो, घरी आहात.’ मग दोन पेग, की तीन तास झोप. तीन तास सरले की पुन्हा जाग, आधीपेक्षा वाईट. याचं कारण पुढे डॉक्टरांनी समजावलं. दारूने डोळा लागतो खरा, पण ज्या झोपेत स्वप्नं पडतात ती झोप दारू दाबून ठेवते. अंमल उतरला की तीच उसळून वर येते. मी ज्याला औषध समजत होतो तेच माझी रात्र नासवत होतं.

उपचाराला गेलो नाही असंही नाही. एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, ‘तीन महिने दारू बंद करून या, मग बघू.’ व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो, तर तिथे ग्रुपमध्ये त्या कॉलचं नाव काढताच उत्तर मिळालं, ‘जुनं उकरू नका, प्यायला निमित्त शोधताय.’ इकडचे म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात इकडे. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण केंद्रातून सुटल्यावर एकोणिसाव्या दिवशी मी घसरलो. आकडा लक्षात आहे, कारण त्यातल्या शेवटच्या पाच रात्री डोळ्याला डोळा नव्हता.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. ‘आधी दारू सोड, मग मनाचं पाहू’ हा क्रम आमच्यासारख्यांना मानवत नाही, कारण दारू सुटली की जे समोर उभं राहतं त्याच्यापासून लपण्यासाठीच ती धरलेली असते. दोन्ही उपचार एकाच वेळी, एकाच छताखाली हवेत. जखम उघडली की माणूस जास्त पितो, अशी भीती घातली जाते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १०३ जणांवर हे करून पाहिलं आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. त्यात सैनिकच होते असं नाही, कोणत्या ना कोणत्या आघातातून गेलेली आणि व्यसनात असलेली माणसं होती. ज्यांना दोन्ही उपचार एकत्र मिळाले त्यांचा आघाताचा त्रास, फक्त व्यसनाचे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा, जास्त उतरला. नशा दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. म्हणजे एकत्र उपचाराने व्यसन जादूने सुटलं नाही, पण वाढलंही नाही.

आघातावरचा हा उपचार असतो कसा, ते कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आठवड्यातून एकदा, दीड तास. डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात बोलायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. मधूनमधून समुपदेशक विचारणार, शून्य ते १०० मध्ये त्रास किती? पहिल्या दिवशी मी ९५ म्हणालो आणि खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं सरळ करायला वेळ लागला. त्याचंच रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. ज्या जागा टाळतो तिथे मुद्दाम जाऊन उभं राहायचं. मी त्या इमारतीच्या जिन्यापाशी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार मिनिटं टिकलो. दहाव्या खेपेला आकडा तिशीत आला होता. वास अजून कधीतरी येतो. मात्र आता तो फक्त वास असतो.

युद्धावरून आलेल्यांचं दुखणं नवं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्यांचा धक्का, हा शब्द वापरला. अधिकाऱ्यांसाठीच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स त्यांना बोलतं करत, त्याच काळात दुसरीकडे साध्या शिपायांना विजेचे झटकेही दिले जात होते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा ताणविकार) या आजच्या नावाने यायला १९८० उजाडलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्यांचा रेटा होता.

व्हिएतनामचं आणखी एक उदाहरण सारखं दिलं जातं, अनेकदा अर्धवट. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे वीस टक्के हेरॉइनसारख्या नशेच्या आहारी गेले होते. १९७१ पासून घरी निघण्याआधी लघवीची तपासणी सुरू झाली. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्यांना गाठून विचारपूस केली, तेव्हा आहारी गेलेल्यांपैकी जेमतेम पाच टक्के पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले आढळले. यावरून लोक म्हणतात, बघा, जागा बदलली की नशा सुटते. असेल. पण त्या पोरांना विमानात बसवून हजारो मैल दूर नेलं होतं. अग्निशामकाला कोणतं विमान? त्याचं रणांगण त्याच्याच गावात असतं. ज्या चौकात त्याने गाडीचा पत्रा कापून माणूस बाहेर काढला, त्याच चौकातून तो मुलाला शाळेत सोडतो. रुग्णवाहिकेच्या चालकाचंही तेच. सैनिकाचं युद्ध निदान कागदावर तरी संपतं, यांची पुढची शिफ्ट रात्री आठला असते.

मग ही माणसं मदत का मागत नाहीत? मर्दानगी वगैरे लिहून येतं, तेही असेल, पण खरी भीती नोकरीची आहे. नोंद झाली तर बंदूक काढून घेतील, गाडी चालवू देणार नाहीत, पंपावरून उचलून टेबलावर बसवतील. म्हणून जो कोणी ही सेवा उभारेल त्याने आधी एवढं करावं: समुपदेशकाची वही साहेबांच्या कपाटात जाणार नाही, हे लेखी द्यावं. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद, आणि तो आधीच सांगून ठेवावा. शिवाय बोलायला समोर असा कोणीतरी हवा ज्याने स्वतः शिडी चढलेली आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. त्यानंतर तिथे समुपदेशकांना दवाखान्यात वाट पाहत न बसवता थेट स्टेशनवर पाठवलं गेलं. मला हे पटतं. उलट, मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ असा एकदाच तास घेणं म्हणजे साहेबांना फाइलमध्ये दाखवायची सोय. अशा एकदाच्या बैठकीने पुढचा आजार टळत नाही, असंच अभ्यासांतून दिसलं आहे.

एक गोष्ट मात्र काळजीने लिहितो. रोज पिणाऱ्या कोणी हे वाचून उद्यापासून एकट्याने एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, थरथर असा प्रकार जिवावर बेततो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो टाळता येतो. थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन लागतं, नाहीतर मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो. नंतर ओढ कमी करणारं नालट्रेक्सोनसारखं औषध असतं. मला त्याचा उपयोग झाला, सगळ्यांना होतोच असं नाही. दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी वेगळी. घरच्यांनी ती चहात गुपचूप टाकण्याचे उद्योग करू नयेत, तिच्यावर दारू घेतली गेली तर माणूस हातचा जाऊ शकतो. आणि झोपेच्या गोळ्यांपासून जपावं. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे. माझ्या बॅचच्या एकाची दारू सुटली आणि या गोळ्या लागल्या. त्या सोडवायला दारूपेक्षा जास्त वेळ गेला.

पत्र लांबलं, हवं तर कापा. थायमिनची ओळ तेवढी ठेवा. आणि माझं नाव छापू नका. मी निवृत्त आहे, मला काही होणार नाही. पण माझ्या बॅचचा तो मित्र अजून ड्यूटीवर आहे, आणि माझं नाव वाचलं की स्टेशनवर त्याचं नाव ओळखायला कोणाला वेळ लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त अग्निशामक