ताई, सोडायला शिकवलंत त्याबद्दल

ताई, स. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही ‘पुढचा पेशंट’ म्हणून उठवता. म्हणून हे उघड पत्र.

आषाढात बांधावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. जिथे काढलं तिथे ‘बॉल दाबत राहा’ एवढंच सांगून घरी पाठवलं. मी इमानदारीने दिवसभर दाबत राहिलो आणि हात पावासारखा फुगवून नाशिकच्या पंचवटीत, हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या तुमच्या दवाखान्याच्या दारात आलो.

तुम्ही ते मुठीचा जोर मोजायचं यंत्र हातात दिलंत तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “काटा पास केलेला आहे का?” द्राक्षवाल्याला दुसरं काय सुचणार! दुसरं कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. तुम्ही त्याला पाच किलोचं वजन टांगलंत आणि पडद्यावर ५.० दाखवलंत. वर समजावलंत, की माझ्या शेडमधल्या क्रेट तोलायच्या काट्यात जो लोडसेल असतो, तोच यात आहे. दाबलं की आतला धातू केसभर वाकतो, त्याला चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्याचा किलोत आकडा होतो. तिथेच माझा विश्वास बसला.

आकडा मात्र लाज आणणारा होता. डावा हात ३६, उजवा ६.४. साठीच्या आत-बाहेरच्या पुरुषाची मूठ २८ किलोच्या खाली गेली तर ती कमजोर धरतात, हेही तेव्हाच कळलं. आठवड्याने ६.९ झाले. तुमच्या कपाटातल्या जुन्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रावर दोन-दोन किलोंच्या रेघा आहेत. त्यावर हा अर्धा किलो दिसलाच नसता, आणि मी यायचं बंद केलं असतं. खरंच सांगतो.

मी चोरी करायचो, ती तुम्ही पहिल्याच दिवशी पकडलीत. खांदा उचलायचा, श्वास कोंडायचा, कोपर अंगापासून लांब न्यायचं. “दादा, कोपर काटकोनात, अंगाला चिकटून. तीनदा दाबा, सरासरी मी काढते.”

पण आभार खरे मानायचेत ते त्या आलेखाचे. जुन्या यंत्राचा काटा सगळ्यात जास्त जोर लागला तिथे जाऊन थांबतो, पुढचं काही सांगत नाही. नव्या यंत्राला जोडलेल्या तुमच्या फोनवर मात्र जोराची पूर्ण रेघ उमटायची. माझं सगळं लक्ष तिच्या शेंड्याकडे. तुम्ही बोट ठेवलंत उताराच्या बाजूला. डाव्या हाताची रेघ ‘सोडा’ म्हणताच विहिरीत दगड पडावा तशी खाली यायची. उजव्याची रेंगाळत, अडखळत. “तुमची बोटं उघडतच नाहीयेत. कात्री दिवसातून किती वेळा उघडता?”

गोडी छाटणीत, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरातल्या छाटणीत, काडीमागे काडी, हजारो वेळा. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, पण उघडण्याचा विचार कधी केला नव्हता. मग बोटांभोवती रबर लावून पंजा फाकवायचा व्यायाम आला, आणि घरी न्यायला ते छोटं यंत्र. अर्ध्यापेक्षा कमी जोरावर रेघ स्थिर धरायची, मग झटकन सोडायची. त्यातल्या खेळात पक्षी मुठीच्या जोरावर उडतो. माझा पक्षी पहिले पंधरा दिवस झाडावरच आपटत होता आणि नात पोट धरून हसत होती.

ऑक्टोबरात आकडा २०.८ होता. मला पूर्ण दीड एकर छाटायचं होतं. तुम्ही म्हणालात दिवसाला दोन तास, हलकी कात्री, बाकी मजुरांना द्या. मी चिडलो होतो, दिंडोरी नाक्यापर्यंत पुटपुटत गेलो. माफ करा. पेठ तालुक्यातून आलेल्या मंडळींनी बाग छाटली, फुटवे यावेत म्हणून काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लागली, आणि माझ्या वाट्याच्या चार ओळी मी आठ दिवसांत केल्या. चारच, पण स्वतःच्या हाताने.

आता तोडणी चालू आहे. परवा घरी मोजलं, ३१.२. कोपर अंगाला चिकटून होतं, नात साक्षीला आहे.

मंगळवारच्या एसटीने ते छोटं यंत्र परत द्यायला येतो. नातीने त्यात स्वतःच्या नावाचं खातं उघडून ठेवलंय आणि तिचा पक्षी माझ्या बराच पुढे गेलाय. तेवढं पुसायच्या आधी एकदा बघून घ्या.

आपला,
दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षवाला