मुठेकाठची पायवाट सलग करा

मा. संपादक,
विठ्ठलवाडीच्या देवळापासून मुठेच्या कडेने मी आणि बायको रोज सकाळी चालतो, वाट म्हणजे काय तर लोकांनी चालून चालून दाबलेली माती, पण काल उंबराच्या फांदीवर खंड्या बसलेला, चोचीत मासोळी तडफडतीये, आम्ही पाच मिनिटं जागचे हललोच नाही. हीच वाट ओंकारेश्वरापर्यंत सलग झाली तर काय बहार येईल! फक्त काँक्रीट नको हो, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूलसुद्धा बुडतो, तिथे मुरूमच बरा, वाहून गेला तर परत टाकता येतो. करंज, वाळुंज तोडू नका. नाल्यांचं सांडपाणी आधी थांबवा, नाकाला रुमाल लावून कोण फिरणार? आणि बायकांसाठी एखादं स्वच्छतागृह तरी पाहिजेच.

– रोज चालणारा एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे