पार्किंगमध्ये डिफरन्शियलचे काम करण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: माझ्या ठरलेल्या पार्किंगमध्ये गाडीचे क्राउन-पिनियन बदलणे

महोदय,

'पार्किंगमध्ये गाड्यांची दुरुस्ती करू नये' ही नोटीस वाचली. फरशीवरचे तेलाचे डाग पाहता ती लावणे रास्तच होते. तरीही येत्या शनिवारपासून एका कामापुरती लेखी परवानगी हवी आहे. लेखी अशासाठी, की काम अर्ध्यावर असताना कोणी हरकत घेतली तर गाडी बाजूला घेता येत नाही.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या डिफरन्शियलमधून चाकांना मिळतो; क्राउन आणि पिनियन हे त्यातलेच दोन दातेरी गियर. वेग धरताना मागून घरघर येते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तिचा सूर बदलतो. तेल काढले तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकाला काळा कीस चिकटलेला होता आणि त्यात दाताचा एक टवकाही सापडला. त्यामुळे आता नुसते तेल बदलून भागणार नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी जुळवूनच तयार होतात, म्हणून एकच बदलून चालत नाही. बसवल्यावर दोघांच्या दातांमधली फट, म्हणजे बॅकलॅश, डायल गेजने मोजायची. ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत धरावी लागते. दातांना रंग लावून ठसा नेमका कुठे उमटतो तेही बघायचे. ठसा चुकला की शिम, म्हणजे अंतर जुळवणारी पातळ चकती, बदलून पुन्हा पहिल्यापासून. घाई केली तर नवे गियरही तसेच ओरडतात. म्हणून दोन्ही सुट्टीचे दिवस धरले आहेत, काम लांबले तर मधले काही दिवसही गाडी तशीच उभी राहील.

आता मुख्य विनंती. एरवी कोणाची गाडी आडवी आली की आपले वॉचमन ती ढकलून बाजूला करतात. या दिवसांत माझ्या गाडीला कोणीही हात लावू नये, असे त्यांना आपणच सांगावे. माझ्या सांगण्याला ते हसून मान डोलावतात. चाकांना फिरवणारे ॲक्सल बाहेर काढले की गाडी गियरमध्ये ठेवूनही ती अडत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांचा, आणि ती चाकेच काढलेली असतील. मागचा भाग जॅकवर न ठेवता घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवणार आहे आणि पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ठोकळे लावणार आहे. मुले चेंडू काढायला खाली शिरू नयेत म्हणून भोवती दोरी बांधेन. पार्किंग धुवायचे असल्यास आधी कळवावे.

आवाजाचे म्हणाल तर बेअरिंग प्रेसवर बसवण्याचे काम बाहेरच्या वर्कशॉपमध्ये होईल. इथे ठोकाठोकी फारशी नाही, आणि संध्याकाळनंतर अजिबात नाही. वास मात्र येईल. जुन्या गियर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, त्याची कल्पना तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन ठेवतो. खाली ट्रे आणि भुसा टाकेन. तेल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे देईन. फरशीवर डाग पडलाच तर साफसफाईचा खर्च माझ्याकडून घ्यावा.

उत्तर शुक्रवारपर्यंत मिळावे. नकार असेल तर तोही लवकर कळवावा, म्हणजे टोइंगची सोय करून गाडी गॅरेजला पाठवता येईल. दात उडालेली गाडी तिथवर चालवत नेणे मला योग्य वाटत नाही.

आपला,
एक सभासद