करुण कहाणी कुणाची?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जपानी लेखिका सायाका मुरातांच्या 'कन्व्हिनिअन्स स्टोअर वुमन' या कादंबरीवरचा लेख वाचला. 'एका एकाकी स्त्रीची करुण कहाणी' हे हेडिंग कुणी दिलं हो? पुस्तक वाचून दिलं की कव्हर बघून?

कादंबरीची नायिका केइको 36 वर्षांची आहे, 18 वर्षं एकाच दुकानात पार्टटाइम करते आणि तिचं मस्त चाललेलं असतं. त्रास होतो तो तिच्या बहिणीला, मैत्रिणींना आणि मैत्रिणींच्या नवऱ्यांना. मग ती घरात एक आयतोबा आणून ठेवते, तो बाथरूममधल्या टबात बसून राहणार, ही त्याला जनावराला घालावं तसं खायला घालणार, पण घरात पुरुष आहे एवढं कळल्याबरोबर सगळे खूश, पोरगी सुधारली म्हणून! आणि तुमचे लेखक काय लिहितात तर म्हणे तिला 'योग्य जोडीदार' मिळायला हवा होता. धन्य आहे.

लहानपणीचा पक्ष्याचा प्रसंग तर गाळूनच टाकलाय. मेलेला पक्षी भाजून खाऊया, बाबांना आवडतं, असं ती म्हणते म्हणून सगळे हादरतात, आणि तीच पोरं त्या पक्ष्याच्या थडग्यावर वाहायला जिवंत फुलं खुडत बसतात. अख्खं पुस्तक त्यात आहे.

मी स्वतः 14 वर्षं मेडिकलच्या काउंटरवर आहे. लग्न केलेलं नाही. गेल्या महिन्यात एका मुंजीत मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "अजून तिथेच का गं? कधी व्हायचं तुझं काही?" आणि निघताना हळूच, "उद्या येताना माझ्या बीपीच्या दोन स्ट्रिप आणशील ना, ते डिस्काउंटवाल्या." आणल्या. डिस्काउंटही दिला. आता करुण कोण ते तुमच्या लेखकांनी सांगावं.

बाय द वे, मुराताबाई स्वतः अशाच दुकानात काम करायच्या, 2016 मध्ये याच पुस्तकाला जपानचा मानाचा अकुतागावा पुरस्कार मिळाला तेव्हासुद्धा. त्यांनाही दया दाखवणार का?

आणि विषय निघालाच आहे तर, गेले तीन रविवार शब्दकोड्याचं उत्तर छापलेलं नाही. मागच्या वेळचा 14 उभा अजून अडलाय.

— एक वाचक, सांगली