पाकिस्तानच्या तुरुंगात शिक्षा संपलेल्या खलाशांसाठी परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

स.न.वि.वि.

डहाणू-तलासरीकडचे आदिवासी भाताची लावणी उरकली की ओखा, पोरबंदर, वेरावळची वाट धरतात. बोट गुजराती शेठची, खलाशी आमचा. निघताना उचल घ्यायची, ती घरी द्यायची आणि पुढचा हंगामभर दर्यावर राहून फेडायची. किनाऱ्याजवळ मासळी उरली नाही म्हणून बोटी जखाऊच्याही पुढे, भारत-पाकिस्तानमधल्या सर क्रीक खाडीच्या तोंडाशी जातात. तिथली सागरी हद्द दोन्ही देशांनी आजवर ठरवलेलीच नाही. जी रेषा दिल्ली-इस्लामाबादला नकाशावर ओढता आली नाही, ती रात्रीच्या अंधारात जाळं ओढणाऱ्याने ओळखावी, अशी अपेक्षा आहे.

मग एखादी बोट पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी धरून कराचीला नेते. बातमी कशी येते ते सांगतो. सोबतच्या बोटीने वायरलेसवर ऐकलेलं असतं. ती बोट शेठला कळवते, शेठ मुकादमाला फोन करतो, मुकादम पाड्यावर निरोप धाडतो. सरकारी कागद फार नंतर येतो आणि त्यात माणसाची ओळख पटवून मागितलेली असते. आधार कार्डावर आडनाव एक, रेशन कार्डावर दुसरं, आणि तिकडच्या शिपायाने ऐकून लिहिलं ते तिसरंच. मग बायको पोर कडेवर घेऊन तहसील आणि पोलीस ठाण्याच्या खेपा घालते. नवरा कराचीतल्या मलीरच्या तुरुंगात, उचल अंगावर, आणि शेठ आधी बोटीसाठी हळहळतो.

साहेब, माझं म्हणणं पाकिस्तानशी मैत्री करा असं नाही. पहलगामनंतर तसं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? माझं म्हणणं एवढंच की जो करार आजही जिवंत आहे तो पाळून घ्या. 21 मे 2008 च्या या करारात कैद्याला तीन महिन्यांत आपल्या दूतावासाचा माणूस भेटावा आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की एका महिन्यात त्याला घरी धाडावं असं लिहिलेलं आहे. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, तेही याच करारानुसार. ऑपरेशन सिंदूरनंतर दोनच महिन्यांनी, 1 जुलै 2025 ला, याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानकडे आपले 193 मच्छीमार आणि 53 इतर नागरिक होते. त्यातल्या 159 जणांची शिक्षा भोगून झाली होती आणि त्यांना सोडा असं आपल्याच मंत्रालयाने त्या दिवशी म्हटलं. म्हणजे एक महिन्याचं कलम मोडलंय हे तुम्हाला माहीत आहे. मग पुढची यादी येईपर्यंत सहा महिने काय होतं?

अटारीचा सीमेवरचा दरवाजा बंद आहे, असं उत्तर मिळतं. 23 एप्रिल 2025 ला तो बंद करायचं ठरलं हे खरं. पण त्याच दिवशी फिरोजपूरजवळ चुकून पलीकडे गेलेला सीमा सुरक्षा दलाचा जवान 14 मे ला अटारीतूनच परत आला आणि आपण धरलेला त्यांचा रेंजर, म्हणजे सीमेवरचा जवानही, त्याच दिवशी गेला. शस्त्रसंधी होऊन चार दिवस झाले होते. जवान आला याचा आनंदच आहे. पण तो दरवाजा हवा तेव्हा उघडतो, हेही त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

क्रिकेटचं तर विचारूच नका. दोघांनी एकमेकांच्या देशात पाय ठेवायचा नाही, सामने तिसरीकडे खेळायचे, हे 2027 पर्यंतचं सूत्र आयसीसीने डिसेंबर 2024 मध्ये जमवलं. सप्टेंबर 2025 मध्ये आशिया चषकात दुबईत दोन्ही संघ तीनदा खेळले. हस्तांदोलन नाही, ट्रॉफी आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष मोहसीन नक्वींच्या हातून घेणार नाही, यावर आठवडाभर चॅनेलं चालली. हेच नक्वी पाकिस्तानचे गृहमंत्रीही आहेत, म्हणजे आमच्या खलाशांचा विषय त्यांच्याच मंत्रालयाशी जोडलेला. तो मात्र एकाही चर्चेत निघाला नाही.

आता आपल्या हातातलं बोलू. कराचीतली आपली वकिलात 1994 पासून बंद आहे. तिथल्या कैद्याला भेटायला इस्लामाबादहून माणूस जावा लागतो, आणि पहलगामनंतर दूतावासातली माणसं 55 वरून 30 वर आली. तेव्हा ओळख पटवण्याचं काम तरी इथे, पालघरमध्येच, लवकर उरका. शिक्षेचा निकाल लागायची वाट न पाहता बोट धरल्याची खबर येताच ते सुरू व्हावं. त्यासाठी पाकिस्तानची परवानगी लागत नाही.

दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती 2008 मध्ये नेमली होती. ते तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचे. शेवटची भेट ऑक्टोबर 2013 ची. आपण आपल्या न्यायाधीशांची नावं कळवली, त्यांनी त्यांची कळवली नाहीत, हे मान्य. पुन्हा मागणी करा, जाहीरपणे करा.

आणि आपल्या ताब्यातल्या त्यांच्या मच्छीमारांचंही बघा. जुलै 2025 च्या यादीत असे 81 होते. कराचीच्या इब्राहिम हैदरीतून निघालेला कोळी कच्छच्या खाडीत सापडला, तर त्याची कहाणी आमच्या तलासरीच्या खलाशापेक्षा वेगळी नसते. ज्यांची शिक्षा संपली त्यांना आपण आधी सोडलं तर काही जण तुम्हाला नरम म्हणतील. म्हणू देत. दोन्ही देशांनी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या 73 व्या कलमानुसार, विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या, मासेमारीच्या गुन्ह्याला, तसा वेगळा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. हे आपण पाळून दाखवलं की त्यांना सुनवायला तोंड राहील.

मार्च 2024 मध्ये डहाणूचा एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला. देह घरी यायला कित्येक आठवडे लागले. माणूस मेल्यावर जी कागदपत्रं हलली, ती तो जिवंत असताना का हलली नाहीत, हे त्याच्या घरच्यांना आपल्या मंत्रालयाने लेखी कळवावं, आणि मराठीत कळवावं, ही विनंती.

आपला,
डहाणू तालुक्यातील एक नागरिक